नववी गोळी आणि किटलीभर पाणी

मित्रांनो, मला पाहून दचकू नका, पण जवळही येऊ नका. हातभर लांब बसा आणि ऐका. मी एक जुनं फौजी पिस्तूल आहे, खेळणं नाही. हे सांगितल्याशिवाय माझ्याबद्दल एक अक्षरही बोलायचं नाही, अशी माझ्या मालकाची, एमेट हार्गिसची, शिस्त आहे. मी त्याच्याच हाताखाली शहाणा झालो, तेव्हा ती शिस्त मलाही पाळायला हवी.

माझा जन्म सर्बियातल्या क्रागुयेवात्स गावच्या कारखान्यात झाला, साठ वर्षांपूर्वी. तेव्हा त्या देशाला युगोस्लाव्हिया म्हणायचे. आज नकाशावर ते नाव शोधलंत तर सापडणार नाही. मी अजून आहे आणि माझा देश नाही! माझ्या पोटात नऊ गोळ्या मावतात. एकदा चाप ओढला की एक गोळी जाते, माझी पाठ मागे सरकून पुढे येते आणि दुसरी गोळी आपोआप जागेवर बसते. नववी गेली की पाठ मागेच अडकून राहते, म्हणजे मी रिकामा झालो हे लांबूनही दिसतं. एवढंच माझं कसब.

मला पहिल्यांदा कमरेला लावलं ते कॅप्टन वुकाशिननं. सोळा वर्षं मी त्याच्यासोबत होतो, आणि सोळा वर्षांत त्यानं मला माणसावर एकदाही रोखलं नाही. वर्षातून दोनदा सरावाला न्यायचा आणि घरी आला की आधी माझी आंघोळ. त्याची बायको कॉफीला पाणी ठेवायची, तर हा पठ्ठ्या अर्धं पाणी माझ्या नळीत ओतायचा. ती ओरडायची, "घरात पाहुणे आलेत आणि कॉफी त्या लोखंडाला!" पण दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं जास्त पाणी ठेवायची. देव दोघांचं भलं करो.

तो निवृत्त झाला आणि मला ग्रीसच्या घट्ट वंगणात बुडवून, मेणकागदात गुंडाळून, लाकडी खोक्यात घातलं. तिथे मी सत्तावीस वर्षं पडून होतो. सुरुवातीला फार वाईट वाटलं. आपल्याला कुणी विसरलं की वाटतं, तसंच. नंतर त्या देशात शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठला. वरची खोकी फुटली, माझी कित्येक भावंडं बाहेर गेली. काय काय करायला लागलं असेल त्यांना, ते मला ऐकायचंसुद्धा नाही. माझं खोकं सगळ्यात खाली होतं. ती वर्षं मी ग्रीसमध्ये झोपून काढली. मित्रांनो, कुणी विसरलं म्हणून मी आयुष्यात एकदाच आभार मानले, ते त्या वेळी.

मग एक दिवस खोकी जहाजावर चढली आणि अमेरिकेला आली. तिथल्या कायद्यासाठी माझ्या अंगाला चाप अडवणारी एक छोटी कळ नव्यानं बसवली. म्हातारपणी कान टोचल्यासारखं झालं मला. पण टोचून घेतलं. नव्या घरात राहायचं तर तिथली रीत पाळायला नको का?

केंटकीच्या डोंगरात एक लहान गाव आहे. तिथे डेल्बर्ट साइझमोरचं दुकान. जनावरांची पेंड, कुदळी, खिळे आणि मागच्या भिंतीशी बंदुकांचं काउंटर. एमेट आणि डेल्बर्ट शाळेपासूनचे दोस्त. एमेटनं चाळीस वर्षं कोळशाच्या खाणीत फिटर म्हणून काढलेली, बायको वारलेली, त्यामुळे सकाळचा त्याचा मुक्काम दुकानातच असे. फौजेनं काढून टाकलेली पिस्तुलं विकायला आलीत, असं पत्रक डेल्बर्टकडे आलं होतं. त्यात एक रीत असते. दहा डॉलर जादा दिले की गोदामातला माणूस ढिगातून चांगला नग हातानं वेचून पाठवतो.

"दहा डॉलर टाक," डेल्बर्ट म्हणाला, "मी टाकलेत. नाहीतर गंजकं येईल हं."

"राहू दे," एमेट म्हणाला. "माझ्या आईनं वेचून घेतलं असतं तर मी तरी आलो असतो का घरात? येईल ते येईल."

असा मी न वेचता आलो. सरकारी फॉर्म भरला, एमेटच्या नावावर काही गुन्हा नाही ना, याची चौकशी डेल्बर्टनं फोनवरून पूर्ण केली, आणि एमेटनं खोकं उघडलं. आत मी आणि ग्रीस, पण ग्रीसच जास्त. डेल्बर्टला मिळालेलं, वेचून आलेलं पिस्तूल माझ्याच खोक्यातला माझा भाऊ निघाला. दोघांच्या अंगात तसूभर फरक नव्हता. एमेट इतका हसला, की काउंटरला धरून बसला.

आता जुनी हत्यारं घेणारे पुरुष एक चूक हमखास करतात, आणि ती एमेटनंही केली. हे ग्रीस उकळत्या पाण्याशिवाय निघत नाही. आणि उकळतं पाणी कुठे असतं? स्वयंपाकघरात. त्याची मुलगी नोरीन तेव्हा घरी नव्हती. ती गावच्या शाळेत स्वयंपाक करते. नवऱ्याशी काडीमोड झाल्यापासून वडिलांकडेच राहते. एमेटनं तिचा खोलगट ट्रे घेतला, ज्यात ती रोज सकाळची मऊ बिस्किटं भाजायची तोच. त्यात मला सुटं करून ठेवलं आणि वरून किटलीनं पाणी ओतलं. ग्रीस वितळलं, मोरीत गेलं, आणि थंड होऊन तिथेच घट्ट बसलं. घरभर वास. संध्याकाळी नोरीन आली आणि दारातच थांबली.

"बाबा! माझा बिस्किटांचा ट्रे?"

"धुतो गं मी."

"धुताय? आणि मोरी तुंबवलीत ती? ह्या तेलकट कार्ट्यासाठी? आजपासून ह्या ट्रेमध्ये मी काही भाजलं तर नावाची नोरीन नाही."

तिनं खरंच भाजलं नाही. नवा ट्रे आणला आणि जुना अंगणातल्या शेडमध्ये फेकला. मी तिचा नावडता झालो तो त्याच दिवशी. चूक माझी नव्हती, पण वास माझाच होता ना!

पुढची अकरा वर्षं माझ्या आयुष्यातली सुखाची. रविवारी चर्चहून आलं, जेवण झालं, की एमेट आणि डेल्बर्ट बंद पडलेल्या दगडखाणीत यायचे. तिथे गावच्या नेमबाजांचा क्लब आहे. तीन बाजूंनी दगडाच्या भिंती, समोर कागदाची निशाणं, अलीकडे लाकडी बाकडी. पहिल्यांदा एमेटनं चाप ओढला तेव्हा सत्तावीस वर्षांनी माझ्या नळीतून वारा खेळला. माझा आवाज मोठा आहे, तोंडाशी जाळही निघतो. "अरे बापरे!" म्हणून डेल्बर्टनं टोपीच धरली. एमेटनं मात्र मला खाली ठेवलं आणि म्हणाला, "बाळा, एवढी वर्षं गप्प कसा बसलास रे?" लोखंडाला कुणी बाळ म्हणतं का? तो म्हणाला. मी ते विसरलेलो नाही.

आमच्या गोळ्याही जुन्याच, पिवळ्या कागदी पुड्यांतल्या. त्या गोळ्यांच्या बुडाशी जी टोपी असते, तिच्यातून गोळी उडताना खार सुटतो आणि नळीत बसतो. हवेतला ओलावा लागला, की दोन दिवसांत तो नळी खायला लागतो. तेलानं तो जात नाही. फक्त पाण्यानं जातो, आणि नेमकं पाणीच द्यायला लोक घाबरतात. एमेटच्या थोरल्या भावानं असंच नुसतं तेल देऊन एक रायफल घालवली होती, म्हणून एमेटला हे ठाऊक होतं. घरी आला की आधी किटली. कॅप्टन वुकाशिनचं काय आणि याचं काय, दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही, पण माझ्या बाबतीत दोघांचा हात एकच.

डेल्बर्ट हसायचा. "लोखंडाला पाणी? डोकं फिरलंय तुझं! मी बघ, रविवारी असं तेल चोपडतो की बोट घसरेल."

वसंतात त्यानं माझ्या भावाच्या नळीतून उजेडाकडे पाहिलं. आत सगळे खड्डे. भाऊ कामातून गेला होता. डेल्बर्टनं तेलाचं फडकं खाली ठेवलं. एमेट हसला नाही, आणि त्या दोघांची दोस्ती टिकली ती अशामुळेच. पण घरी येऊन त्यानं नोरीनला ही गोष्ट शंभर वेळा सांगितली असेल. ती भांडी घासता घासता म्हणायची, "कळलं बाबा, कळलं. तेल नाही, पाणी. आता ताट द्या इकडे."

मग कंप सुरू झाला. डॉक्टरांना कळण्याआधी तो मला कळला. मूठ घट्ट असायची, पण आत कुठेतरी बारीक थरथर असायची, चूल विझल्यावर भांड्यातलं पाणी अजून थरथरतं तशी. पुढे कॉफीचा कप बशीवर वाजू लागला आणि ते घरातही सगळ्यांना कळलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषधं दिली, आणि वाढत जाईल म्हणाले.

नोरीननं हात पुढे केला. "कपाटाची किल्ली द्या, बाबा."

"अजून नाही."

"अजून नाही म्हणजे कधी? कुणाला लागल्यावर? तुमचा लेक फोनवर काय म्हणाला ठाऊक आहे? तुम्ही ऐकत नसाल तर येऊन कुलूप तोडून घेऊन जाईन म्हणाला."

एमेटचा चेहरा पडला. कोळशाच्या खाणीत चाळीस वर्षं ज्याच्या हातावर लोकांनी जीव सोपवले, त्याच्या घरात कुलूप तोडायची भाषा! पण तो चिडला नाही. दोन्ही हात टेबलावर ठेवून म्हणाला, "ऐक पोरी. कुणी माझ्याकडून काढून घ्यायचं नाही. मी स्वतः ठेवीन. ज्या दिवशी माझी एक गोळी कागद सोडून जाईल, त्या दिवशी मी हे पिस्तूल खाली ठेवीन आणि पुन्हा हातात घेणार नाही. धुवायलासुद्धा नाही."

"आणि नाही ठेवलंत तर?"

"तर माझ्या शब्दाला काही किंमत नाही असं खुशाल गावात सांग."

नोरीननं त्याच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं. पण मी बरोबर येणार."

तेव्हापासून रविवारी ती थर्मासमध्ये कॉफी घेऊन मागच्या बाकड्यावर बसायची. माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही, कागदाकडे बघायची. आणि एमेट काय नेम धरायचा म्हणून सांगू! थरथर एका लयीत येते, हे त्यानं ओळखलं होतं. ती ओसरेपर्यंत थांबायचा, मग चाप. एका गोळीला दुसऱ्या माणसाच्या पाच होतील एवढा वेळ. एक पूर्ण वर्ष त्याची एकही गोळी कागद सोडून गेली नाही. मला तर वाटायचं, आपण असेच जाऊ दोघं, शेवटपर्यंत.

ऑक्टोबरात क्लबची स्पर्धा असते, जुन्या फौजी हत्यारांची. पंचवीस पावलांवरून, एका हातानं, नऊ गोळ्या. बक्षीस म्हणून घरी धुरावलेली डुकराची अख्खी तंगडी. एमेटनं ती दोनदा जिंकली होती. त्या दिवशी हवा थंड होती, झाडं लाल झाली होती, वीसेक माणसं जमली होती. दुर्बिणीशी बसून गुण सांगायचं काम दर वर्षीसारखं डेल्बर्टकडे.

आठ गोळ्या कागदात गेल्या. चांगल्या गेल्या. नवव्या गोळीला एमेट थांबला. थरथर ओसरली, त्याचं बोट चापावर आलं, आणि त्याच क्षणी मनगटानं एक झटका घेतला. मित्रांनो, गोळी माझ्या नळीतून बाहेर पडायच्या आधी मला कळलं. कागदाच्या डावीकडे वीतभर अंतरावर दगडाची चिमूटभर धूळ उडाली. माझी पाठ मागे अडकली. मी रिकामा.

सगळ्यांची नजर कागदावर होती, एवढीशी धूळ कुणाच्या ध्यानात आली नाही. डेल्बर्टनं दुर्बिणीला डोळा लावला. जरा जास्तच वेळ लावला. मग मोठ्यानं म्हणाला, "नऊच्या नऊ! दोन गोळ्या एकाच भोकातून गेल्यात. काय म्हातारा आहे राव!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. असं होतं कधी कधी, दोन गोळ्या एका भोकातून जातात. कुणी शंका घेतली नसती. नोरीन तेव्हा कॉफी ओतत होती, तिनं धूळ पाहिली नव्हती. तिनं वर पाहून विचारलं, "सगळ्या कागदात?" आणि तिच्या तोंडावर मी पहिल्यांदा बापाच्या नेमबाजीचा आनंद पाहिला.

आता फक्त तिघांना ठाऊक होतं. डेल्बर्ट बोलणार नव्हता. मला बोलता येत नाही. एमेटच्या मुठीत मी होतो आणि ती मूठ अशी थरथरत होती की माझ्या पोटातली गोळ्यांची पेटी, म्हणजे मॅगझीन, वाजत होती. नुसतं हसून मान हलवली असती, तर मी त्याचा राहिलो असतो. खरं सांगतो, मलाही तेच हवं होतं. मी स्वार्थी झालो होतो.

त्यानं मॅगझीन काढलं. मला बाकड्यावर ठेवलं, उघड्या पाठीनं, तोंड भिंतीकडे करून. आणि एक पाऊल मागे सरला.

"डेल्बर्ट, दगडाची धूळ उडाली ती तू पाहिलीस."

"कसली धूळ? वारा आहे."

"साठ वर्षांचा दोस्त आहेस आणि एका तंगडीसाठी खोटं बोलतोस?"

"तंगडीसाठी नाही रे, गाढवा!" डेल्बर्टचा आवाज फाटला. "पुढच्या रविवारी मी इथे कुणाबरोबर येऊ? एक गोळी गेली बाहेर. आभाळ कोसळलं का?"

"आज तिथे दगड होता," एमेट म्हणाला. "उद्या कोण असेल, ते मला सांगता येत नाही. म्हणून." मग तो वळला. "नोरीन, ये. मी ठेवलं. आता तू उचल."

नोरीननं मला उचललं, तेही दोन बोटांनी, मेलेला उंदीर धरावा तसं. बापाकडे बघायची तिची हिंमत झाली नाही. मित्रांनो, मला खूप हात लागले. पण ज्या हातानं मला वेळेवर खाली ठेवलं, त्याच्याइतका पक्का हात मला कुणाचाच लागला नाही.

घरी आल्यावर एमेटनं किल्ली नोरीनच्या ओंजळीत टाकली आणि खुर्चीत जाऊन बसला. मी खोळीतून तसाच कपाटात गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा किटली चढली नाही. दुःखात माणूस विसरतो, मी त्याला दोष देत नाही. पण नळीत खार बसला होता आणि बाहेर धुकं उतरत होतं. मला माझा भाऊ आठवला. म्हटलं, बरं आहे, मालकाबरोबर आपलंही संपलं.

संध्याकाळी त्यांनी राजमा आणि मक्याची भाकरी खाल्ली. एमेटनं अर्धी टाकली. नोरीननं कॉफीसाठी किटली ठेवली. ती शीळ घालू लागली. नेहमी ती लगेच उतरवते. आज शीळ वाजतच राहिली. मग शेडचं दार वाजलं. आणि मग कपाटाचं कुलूप.

ती मला घेऊन स्वयंपाकघरात आली. ओट्यावर तो जुना खोलगट ट्रे होता.

"बाबा, पाणी उकळलंय."

"आता काय करायचंय त्याचं?"

"काय करायचंय म्हणजे? डेल्बर्टकाकांचं कसं सडलं, ते ऐकून ऐकून माझे कान किटले. या इकडे, दाखवा."

"हात लावणार नाही म्हणालोय मी."

"हात नका लावू. तोंड तर आहे ना? सांगा."

एमेट उठून आला. हात पाठीमागे घट्ट धरून उभा राहिला. "आधी रिकामं आहे का ते बघ."

"रिकामंच आहे. तुम्हीच तर रिकामं केलंत."

"माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही. कुणावरच नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

तिनं माझी पाठ मागे ओढली. जोर लागला, पण ओढली. आत पाहिलं, बोटानं चाचपलं. मग तो सांगत गेला आणि ती मला सुटं करत गेली. एकदा तिच्याकडून स्प्रिंग सुटून डाळीच्या डब्यामागे गेली, तेव्हा दोघंही हसले. मग तिनं किटली उचलली. पहिलं पाणी काळं आलं, दुसरं राखेसारखं, तिसरं नितळ. गरम नळी आपसूक वाळली. तिनं तेलाचं बोट फिरवलं आणि नळी दिव्याकडे धरली.

"कशी दिसतेय?" एमेटनं विचारलं.

"चकचकीत."

त्यानं डोळे मिटले. पाठीमागे धरलेले हात त्यानं सोडले नाहीत. तिनंच कोपरानं त्याला हळूच ढुशी दिली आणि म्हणाली, "रविवारी मला शिकवाल?"

आज मी नोरीनचा आहे. रविवारी आम्ही चौघं दगडखाणीत जातो. नोरीन नेम धरते. एमेट दुर्बिणीशी बसतो, डेल्बर्ट त्याच्या शेजारी. परवा तिची एक गोळी बाहेर गेली, तर एमेट खणखणीत ओरडला, "कागदाबाहेर!" डेल्बर्ट म्हणाला, "अरे, पोरीला जरा सांभाळून घे की." एमेट म्हणाला, "सांभाळूनच घेतोय."

मित्रांनो, मी तुमच्याकडे फार काही मागत नाही. माझ्यासारखं काही कुठे दिसलं तर हात लावू नका. मोठ्या माणसाला बोलवा, आणि ते रिकामं आहे असं कुणीही सांगितलं तरी खरं मानू नका. ज्याच्या घरी मी असेन, त्यानं मला कुलपात ठेवावं. आणि ज्या वस्तूनं तुमचं काम केलं, तिला त्याच दिवशी धुऊन पुसून ठेवा, उद्यावर टाकू नका. खार उद्याची वाट बघत नाही.

आणि हो, तो खोलगट ट्रे आता शेडमध्ये नसतो. ओट्याखाली, नोरीनच्या नव्या ट्रेच्या शेजारी असतो. कुणी पाहुण्यानं चुकून त्याला हात घातला तर ती म्हणते, "तो नको, तो त्याचा आहे."